नळ्यांची तोंडं

कामथडीच्या मंगलला त्या उन्हाळ्यात काकडीनं पार वैताग आणला होता. वेल माजलेले, फुलं ढीगभर, आणि काकड्या मात्र वाकड्या. एका टोकाला फुगीर, दुसऱ्या टोकाला शेपटीसारख्या. नसरापूरला शेतीच्या प्रशिक्षणात शेफाली मॅडम म्हणाल्या होत्या, "फुलांवर माश्या फिरल्या नाहीत की असं होतं. पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या माश्या असतात. सहसा चावत नाहीत. त्यांना घर करून द्या."

घर म्हणजे करंगळीएवढ्या भोकाच्या बांबूच्या नळ्या. मागून बंद, पुढून उघड्या, जुडी करून बांधलेल्या.

मंगलनं नळ्या कापल्या, घासल्या, बांधल्या. तिच्या नवऱ्यानं, गोरखनं, ती जुडी आंब्याला दोरीनं टांगली. वाऱ्यावर ती पाळण्यासारखी झुलायला लागली.

"अवो, झुलत्या घरात कोन ऱ्हाईल?"

"माशीला काय कळतंय त्यातलं?" म्हणून तो टेम्पो घेऊन निघून गेला.

तिनं स्वतःच शिडी लावली आणि मोटारीच्या खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीला, पत्र्याखाली, जुडी पक्की ठोकली. दोन दिवसांनी बघते तर शेजारचे सर्जेराव सकाळी आठला, ऐन फुलं उघडायच्या वेळी, औषध फवारतायत. ती बांधावर गेली.

"भावजी, औषध सांजच्याला मारा की. माश्या मरत्यात."

"मग काय तुझ्या माश्यांना इचारून मी शेती करू?"

मंगल दातओठ खात परत आली. तरी तिसऱ्या आठवड्यात एक काळपट माशी पानाचा गोल तुकडा पायांत धरून आली आणि नळीत शिरली. मंगल हातातलं खुरपं टाकून बघतच राहिली. महिनाभरात अकरा नळ्यांची तोंडं हिरव्या पानांनी बंद झाली. आत अंडी होती, पिल्लांसाठी परागाची शिदोरी होती. हे तिला ठाऊक होतं. घरात कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

मग ती लग्नाला वेल्ह्याला गेली, दोन दिवस. परत आल्यावर पिशवी ओट्यावर टाकून आधी भिंतीपाशी गेली. सगळ्या नळ्या उघड्या. खाली वाळलेल्या पानांचा चुरा, पिवळे गोळे, आणि त्यांना लागलेल्या मुंग्या.

"कुनी केलं हे?"

सासूबाई, अक्काबाई, हातात छत्रीची तार घेऊन आल्या. चेहऱ्यावर समाधान. "म्या केलं. सगळी तोंडं बुजली व्हती बघ. म्हनलं, तू एवढं जिवाचं रान करतीस, अन् माश्यांनी आत जायचं कुठनं? दोन दिस बसून एकूण एक साफ केली."

मंगलला ओरडायचं होतं, पण ओरडायचं तरी कुणावर? उन्हात बसून, चष्मा पुसत, या बाईनं तिच्यासाठी काम केलं होतं. साऱ्या घरात तेवढीच एक मदत करायला पुढं आली आणि तिनंच सत्यानाश केला.

"आत्या, तोंडं माश्यांनीच बुजवली व्हती! आत पिल्लं व्हती!"

अक्काबाई खाली वाकल्या. चुऱ्यात एक पांढरी अळी वळवळत होती. त्यांनी हातातली तार बाजूला टाकली.

"मला आधी सांगायला काय झालं व्हतं तुला?"

खरंच सांगितलं नव्हतं, आणि त्याचाच मंगलला जास्त राग आला. ती रात्री जेवलीच नाही, पण माश्यांचं आणि सर्जेरावांच्या सकाळच्या औषधाचं सगळं आत्यांना रागारागात सांगून टाकलं.

सकाळी जाग आली ती बांधावरच्या आवाजानं. अक्काबाई सर्जेरावांचा पंप धरून उभ्या होत्या. "सांजच्याला मार म्हनलं ना? लहानपनी तुला म्या खांद्यावर खेळवलाय, आता पंप हिसकायला लावू नगंस." सर्जेराव पुटपुटत माघारी गेले.

नऊच्या सुमाराला एक माशी पानाचा तुकडा घेऊन रिकाम्या झालेल्या एका नळीत शिरली. मंगल ते बघायला पुढं सरकली.

"मागं हो!" अक्काबाईंनी तिचा पदर धरून ओढला. "काय बघायचं ते लांबनं बघ. तुझी सावली पडती त्यांच्यावर."

"आत्या, ती जुडी म्या बांधलीय!"

"व्हय, म्हनून काय कवाबी डोकवायचं?"

मंगलनं कपाळावर हात मारला आणि चार पावलं मागं सरली.