गुडघ्याएवढं पाणी

ओफेलियाबाईंनी वहीची पानं एकेक करून उलटली आणि जानेवारीच्या पानावर तळवा ठेवला.

“हेच ना तुमचं अक्षर, मास्तर?”

एवेलिओ आन्तिनाओने मान हलवली. खाली गावातल्या शाळेत तो भूगोल शिकवायचा आणि तीस वर्षं या डोंगरांत हिंडत होता. डोंगर चढणाऱ्यांसाठी बांधलेल्या या निवाऱ्याचा रिवाज साधा होता. वरून उतरणाऱ्याने बूट काढायच्या आधी वहीत वाटेची खबर लिहायची. दरड कुठे आली, बर्फ कुठे टिकून आहे, नदीला पाणी किती. शेजारी हाताने काढलेला नकाशा. चढणारा ते वाचून निघायचा. मोबाइल इथे चालत नाही, चालते ती वही. आणि वहीत मास्तरांचं अक्षर दिसलं की लोक दुसऱ्या कुणाला विचारतही नसत. एवेलिओला याचा अभिमान होता. खोटं कशाला बोला, गर्वच होता.

मागच्या जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, त्याने लिहिलं होतं, सेनिसा नदीला पाणी गुडघ्याएवढं, आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या वरच्या अंगाला पलीकडे जायला उतार आहे. वेळ लिहिली नव्हती. सेनिसाला पाणी येतं ते वरच्या बर्फाचं. सकाळी गुडघाभर असलेली नदी ऊन तापलं की चारच्या सुमाराला छातीला लागते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असं त्याला वाटलं. फाब्रिसिओ लेस्कानोला ठाऊक नव्हतं. तो लांबच्या सपाट मुलखातला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ते पान वाचलं, नकाशा उतरवून घेतला आणि चार वाजता पाण्यात पाय घातला.

त्यानंतर वर्षभर मास्तर इकडे फिरकला नव्हता. फाब्रिसिओची आई येतेय, तुम्हाला भेटायचं म्हणते, असा निरोप आला म्हणून आज चढून आला. माफी कशी मागायची, ते शब्द वाटेत शंभरदा जुळवून झाले होते.

“मला तुमची माफी मागायचीय,” ओफेलियाबाई म्हणाल्या.

एवेलिओ बघतच राहिला.

“माझ्या पोरापायी तुमच्या नावाला बट्टा लागला. बसमधून उतरले तर लोक बोलत होते, मास्तरांनी म्हणे चुकीचं लिहिलं. अहो, चुकीचं कुठाय? किती स्वच्छ लिहिलंय! हे काय.”

त्यांनी बोट ठेवलं. ओळीच्या शेवटी, त्याच निळ्या शाईत, बारीक अक्षरांत होतं: सकाळी सात वाजता.

हे त्याने लिहिलेलं नव्हतं.

निवाऱ्याचा रखवालदार रोसेन्दो, वीस वर्षांचा दोस्त, चुलीकडे तोंड करून उभा होता.

“रोसेन्दो.”

“थांबा हो जरा. पाणी उकळू दिलं तर येर्बा चहाचा पाला जळतो, मग कडू झाला म्हणून मलाच नावं ठेवाल.”

तो वळला नाही. वळला असता तर तोंडावर सगळं दिसलंच असतं.

“फाब्रिसिओ पहिल्यापासून तसलाच,” बाई सांगत होत्या. “गणित अर्धं वाचून सोडवायला बसायचा. औषधाच्या बाटलीवरचं कधी वाचलं नाही. मी ओरडायचे, अरे गाढवा, शेवटपर्यंत वाच की! रोसेन्दोदादांनी खाली गावातून या पानाचा फोटो पाठवला ना, तेव्हापासून रोज त्याच्या तसबिरीशी भांडतेय. सात लिहिलंय आणि हा चारला उतरतो! गेलेल्या पोरावर असं चिडू नये, कळतं मला. पण राग जातच नाही.”

एवेलिओला हायसं वाटलं. खरंच वाटलं. नुसती मान डोलवायची, दोन घोट घ्यायचे आणि खाली उतरायचं. तीस वर्षांचं नाव शाबूत. मग त्या हायसं वाटण्याचीच त्याला इतकी लाज वाटली की कान तापले.

“बाई, ही वेळ मी लिहिलेली नाही.”

किटली चुलीवर आपटली. “मास्तर, कशाला आता उगाच!”

“मागाहून घातलीय ती. त्या दिवशी एवढंच होतं.” त्याने अंगठ्याने वेळ झाकली. “मी लिहायला हवी होती. मला वाटलं, सगळ्यांना माहीतच असतं. चूक माझी आहे.”

रोसेन्दो दार उघडून बाहेर निघून गेला. बाई पानाकडे बघत राहिल्या. त्या आता शिव्या देतील, वही तोंडावर फेकतील, म्हणून एवेलिओ वाट बघत होता. तसं काहीतरी झालं असतं तर बरं झालं असतं.

बाईंनी ती ओळ ओठ हलवत वाचली. अंगठ्यापाशी थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“म्हणजे त्याने शेवटपर्यंत वाचलं होतं?”

“हो.”

“नीट?”

“नीट. ओंडक्याच्या वरच्या अंगालाच उतरला होता तो. वहीत होतं तस्संच केलं त्याने.”

“आणि मी त्याला गाढव म्हणत राहिले,” बाई म्हणाल्या.

एवेलिओ अंगठा उचलायला लागला. बाईंनी तो धरला आणि होता तिथेच दाबून ठेवला.