पिवळ्या ठिपक्यांचा जंतू

गुनवोर स्केइदेने फोन इतक्या जोरात आदळला की शेजारी चहा ढवळणारी ओडनी दचकली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नमुना घेताना घाण मिसळली असेल. म्हणाला, गुनवोर, तू तुझ्या प्लेटी सांभाळ, माणसं मी सांभाळतो."

हेस्टाविक गावच्या इस्पितळात संसर्गावर लक्ष ठेवणं हे ओडनीचं काम, त्यामुळे फोनवरच्या एस्किल ब्रांडवॉलला ती चांगली ओळखून होती. मूत्रविकार विभागाचा तो प्रमुख. हात सोन्याचा, शस्त्रक्रिया अशी करायचा की बघत राहावं. पण त्याचं एकदा ठरलं की ठरलं.

प्रयोगशाळेच्या टेबलावर गुनवोरच्या समोर जंतू वाढवायची प्लेट पडली होती. तिच्यावर पिवळे, ओलसर ठिपके. झाकण जरा उचललं तरी फार पिकलेल्या फळासारखा गोडसर वास यायचा. जंतूचं नाव सांगणाऱ्या यंत्राने हात टेकले होते, तेव्हा तिने त्या जंतूचा एक जनुकच वाचून काढला होता. मायरॉइडीस. पाण्यात राहणारा, मातीत राहणारा, माशाच्या पोटात सापडणारा. माणसात क्वचितच. पण लघवीच्या नळीतून एकदा आत शिरला की भल्याभल्या औषधांना दाद देत नाही.

आणि हा नमुना आला होता आस्मुंड त्वाइटच्या नळीतून. खाडीवर पूल झाला त्याआधी हेस्टाविकहून पलीकडे जायचं तर आस्मुंडच्या फेरीबोटीतूनच जावं लागे. गुनवोर तिच्यातूनच शाळेला गेली होती. सगळं गाव त्याला अजून कप्तानच म्हणायचं. प्रोस्टेटच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आलेला माणूस, घरी जायच्या वेळी तापाने फणफणला. एस्किलने त्याला इस्पितळातलं सगळ्यात जालीम समजलं जाणारं औषध चालू केलं. नेमकं तेच औषध हा जंतू चावून थुंकून टाकायचा.

गुनवोरने पुन्हा फोन केला. "एस्किल, ते औषध पाण्यासारखं आहे. मुलांच्या मुरुमांना देतात ना, ती जुनी गोळी चालते याच्यावर. मी तपासलंय."

"मुरुमांची गोळी? एक्क्याऐंशीच्या माणसाला? तापात?" तो हसला. "बरी आहेस ना?"

शेवटी कप्तानाचा रक्तदाब कोसळला, त्याला अतिदक्षता विभागात हलवलं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईने गुनवोरला थेट विचारलं, काय देऊ? गुनवोरने सांगितलं. ताप उतरला. जीव वाचला, पण दोन्ही मूत्रपिंडं गेली.

"म्हातारा जन्मभर मासे साफ करतोय," एस्किल कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला. "तिथूनच घेऊन आला असेल. इस्पितळाचा काय संबंध?"

हे ऐकून गुनवोर जेवणाचं ताट तसंच ठेवून उठली. प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये उन्हाळ्यातले जुने नमुने होते. त्याच विभागातल्या आणखी तीन पेशंटांच्या लघवीत असेच पिवळे ठिपके उगवले होते आणि तिन्ही वेळा एस्किलचा शेरा आला होता: घाण मिसळली, उपचार नको. त्यातली एक बोर्गहिल्ड, शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. ती जुलैमध्ये गेली. मुलीला सांगितलं, वय झालं होतं.

गुनवोरने चारही जंतूंचा जनुकसंच अथपासून इतिपर्यंत वाचायला लावला. तेवढ्यावर ती थांबली नाही. सकाळी धक्क्यावर जाऊन तिने ताजे कॉड मासे आणले, त्यांच्या आतड्यातून त्याच जातीचा जंतू वाढवला आणि तोही वाचायला टाकला.

"तू खरंच मासे घेऊन आलीस?" ओडनीने नाक दाबलं.

"तोच म्हणतोय ना मासे? मग मासे बघू."

निकाल आले तेव्हा दोघी पडद्यासमोर बसल्या. प्रत्येक जनुकसंचात चाळीस लाखांच्या आसपास अक्षरं. माशातला जंतू पेशंटांच्या जंतूपासून हजारो अक्षरांनी वेगळा, फार तर लांबचा चुलतभाऊ म्हणावा इतका. आणि चार पेशंटांच्या जंतूंमध्ये आपसात फरक किती? एका हाताच्या बोटांवर मोजावा इतका.

"म्हणजे एकाच ठिकाणाहून आला," ओडनी हळूच म्हणाली.

"एकाच ठिकाणाहून. आणि बोर्गहिल्डने आयुष्यात मासा साफ केला नसेल. ती शाकाहारी होती."

औषध तोडणारा जनुकही चौघांत हुबेहूब होता. त्याच्या शेजारी आणखी दोन औषधांना निकामी करणारे जनुक, कुठल्या तरी दुसऱ्या जंतूकडून उचललेले. माशातल्या जंतूत हे दोन नव्हतेच. औषधांचा मारा होतो तिथेच ते टिकतात, म्हणजे इस्पितळात.

ओडनी कापसाचे बोळे घेऊन विभागात गेली. नळ, मोऱ्या, पलंगाचे दांडे, सगळीकडे पुसून आली. सापडलं ते मागच्या मोरीच्या खोलीत. लघवीची भांडी आणि मापाचे मग उकळत्या पाण्याने धुणारं यंत्र तिथे होतं. जूनपासून त्यात पाणी तापतच नव्हतं. दारावर चिठ्ठी: बंद आहे, दुरुस्ती सुट्टीनंतर. जुलैत सगळा देश सुट्टीवर, डोंगरात नाहीतर बोटीत. एस्किलनेच सांगितलं होतं, घाई नाही, तोवर हाताने विसळा. नर्सेस बिचाऱ्या मग नळाखाली विसळायच्या आणि एका पलंगाहून दुसऱ्याकडे न्यायच्या. त्या मगांच्या तळाशी तोच पिवळा जंतू, अक्षरन् अक्षर तोच.

गुनवोर जिन्याने वर गेली. लिफ्टची वाट पाहण्याइतका धीर तिच्यात नव्हता.

एस्किलने सगळं शांतपणे वाचलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, तेवढ्यापुरतं तिला वाटलं, आता माणूस खाली बसेल, निदान अरेरे म्हणेल. पण मग त्याचे डोळे चमकले.

"गुनवोर, हे तर फार मोठं आहे! या जंतूची अशी साथ आपल्या देशात कोणी नोंदवलीच नसेल. छापू या. जनुकांचं तू लिही, पेशंटांचं मी लिहितो."

"काल घाण होती. आज छापू या?"

"अगं, विज्ञान असंच पुढे जातं."

"विज्ञान पुढे जात होतं तेव्हा तू फोन ठेवत होतास!"

"आवाज खाली. यंत्र बदलून टाकतो मी आजच. पुरे?"

यंत्र खरंच बदललं गेलं. आणि तिसऱ्या आठवड्यात सभागृहात, जेवणाच्या सुट्टीत, एस्किलचं भाषण लागलं. डॉक्टर, नर्सेस, सगळे ओपन सँडविचच्या ताटल्या मांडीवर घेऊन बसलेले. पडद्यावर गुनवोरनेच काढलेलं जनुकांचं चित्र. खाली तिचं नाव, वर त्याचं. पेशंट एक, पेशंट दोन, पेशंट तीन, पेशंट चार. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत: वेळीच ओळख, तातडीने उपाय.

गुनवोर उठून उभी राहिली.

"कधी ओळखलं, एस्किल?"

"प्रश्न शेवटी घेऊ."

"आत्ता घे. चार वेळा आम्ही जंतू उगवल्याचं कळवलं. चार वेळा तू खोडलंस. जे औषध हा जंतू खातो तेच तू कप्तानाला देत राहिलास. यंत्र बंद पडलं तर म्हणालास, घाई नाही. यातलं वेळीच कुठलं? तातडीचं कुठलं? दाखव बोट ठेवून."

सभागृहात कोणी घास गिळेना. "ही जागा नाही," एस्किल पुटपुटला.

"मग जागा सांग! फोनवर तू ऐकत नाहीस, खोलीत आवाज खाली म्हणतोस. माझं नाव काढ त्या पडद्यावरून. खोट्याखाली मी सही करत नाही."

तिथून ती तशीच कप्तानाकडे गेली. आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला असायचा, रक्त बाहेर, रक्त आत. तिने सगळं सांगितलं, काहीही मऊ न करता.

म्हातारा म्हणाला, "म्हणजे मला सांगितलं ते, वयामुळे होतं असं, ते खोटं."

"हो, कप्तान."

"मी चाळीस वर्षं बोट चालवली. एकदा धुक्यात धक्क्याला घासली, रंग गेला, बाकी काही नाही. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रवाशांपुढे उभा राहून सांगितलं मी, चूक माझी." त्याच्या मुठी आवळल्या. "आणि हा पोरगा माझी मूत्रपिंडं बुडवून पडद्यावर चित्रं दाखवतो?"

तक्रार त्याने स्वतः केली. बोर्गहिल्डच्या मुलीनेही केली. गुनवोर हेच सगळं सांगायला तिच्या घरी गेली होती, आणि ती मुलगी दारातच इतकी किंचाळली की शेजारी बाहेर आले. सरकारी तपासणीची माणसं आली, फ्रीझरमधले नमुने घेऊन गेली, जनुकसंच दुसरीकडे वाचून घेतले. तिकडेही निकाल तोच आला.

एस्किलला ताकीद मिळाली. प्रमुखपद गेलं, शस्त्रक्रिया चालू राहिल्या. गुनवोरला ते पुरेसं वाटलं नाही, आणि तिने ते चारचौघांत बोलूनही दाखवलं. इस्पितळातले काही जण तिच्याशी बोलेनासे झाले. ओडनी मात्र रोज तिच्याच टेबलावर जेवायची.

नोव्हेंबरात एस्किल कप्तानाला भेटायला डायलिसिसच्या खोलीत आला. कप्तानाने गुनवोरलाही बोलावून घेतलं होतं, साक्षीला असू दे म्हणून. एस्किल टोपी हातात घेऊन उभा राहिला. मला वाईट वाटतं, म्हणाला. परिस्थिती गुंतागुंतीची होती, म्हणाला.

"त्या जंतूचं नाव काय रे?" कप्तानाने विचारलं.

एस्किलने पूर्ण लॅटिन नाव सांगितलं, जराही न अडखळता.

"छान पाठ आहे. आणि भाषणात माझं नाव काय होतं?"

एस्किलने टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"तिला विचारू?"

"पेशंट चार," एस्किल म्हणाला.

"हां. आता परत माफी माग. या वेळी नाव घेऊन. आणि ती परिस्थिती बाजूला ठेव, केलं कोणी ते सांग."

बाहेर फरशी पुसणारी गाडी घरघरत होती. एस्किल म्हणाला, "आस्मुंड, मी चुकलो. मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही."

"ऐकलं मी," कप्तान म्हणाला. "माफ करत नाही. जा."

एस्किल गेल्यावर गुनवोरला वाटलं होतं की थोडं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. कप्तानाने डोळे मिटले, तिने त्याच्या पायावरची शाल नीट केली, आणि खाली जाऊन त्या दिवशीच्या प्लेटी एकेक करून उघडायला लागली.