मालनबाईची साक्ष

"साहेब, आज होडी द्या. चिमाचा घसा बंद होत चाललाय."

मालन तंबूच्या दारात उभी होती. पाद्रीसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "परवा आपण सर्वच रत्नागिरीस परत जाणार आहोत, मालनबाई. आज सभा आहे. तुम्ही गेलात तर गाणार कोण? मी मुलीकरिता प्रार्थना केली आहे."

"प्रार्थना मीही केली, साहेब. श्वास मोकळा झाला नाही."

"विश्वास ठेवा," साहेब म्हणाले आणि पुन्हा चहाकडे वळले.

तो शब्द तिला झोंबला. गेल्या वर्षी साहेबांच्या मुलाचा नुसता कान दुखला, तर दौरा अर्ध्यावर टाकून ते मुंबईला धावले होते. तेव्हा कुणी कुणाला विश्वास शिकवला नव्हता.

मालनचा नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता. तो वारल्यावर मिशननं तिला बायबलबाई म्हणून ठेवलं. गावोगाव जायचं, बायकांत बसून प्रभूची गोष्ट सांगायची, गाणी म्हणायची. हे काम तिला मनापासून आवडायचं. सहा वर्षांच्या चिमाला ठेवायला मागे कुणी नव्हतं, म्हणून खाडीकाठच्या या दौऱ्यावर तीही आली होती. काल संध्याकाळी ताप भरला. सकाळी श्वास घेताना शीळ वाजू लागली. बाटलेली बाई म्हणून गावची विहीरही मालनला बंद. कपाळावर पट्ट्या ठेवायला पाणी आणून दिलं ते होडीवाल्या रावजीनं.

दुपारी आंब्याखाली सभा भरली. झाडाच्या बुंध्याशी चटईवर चिमाला निजवून, एक डोळा तिच्यावर ठेवून मालन गायला उभी राहिली. दोन कडवी झाली असतील, तोच साहेबांनी हात वर केला.

"बंधूंनो, या बाईकडे पाहा! हिची एकुलती मुलगी तापाने फणफणली आहे. तरी मुलीला बाजूस ठेवून ही प्रभूच्या सेवेला उभी राहिली आहे. असा विश्वास तुम्ही कोठे पाहिला आहे काय?"

लोक चुकचुकले. पुढं बसलेल्या हौसा नावाच्या बाईनं तोंडाला पदर लावला. "काय बाय, आय हाय का कोन ही!"

मालनच्या अंगाचा भडका उडाला.

"खोटं आहे हे!" ती ओरडली. "मी उभी राहिले नाही, मला उभं केलंय! सकाळपासून होडी मागतेय मी. दिली असती तर तुम्हांला इथं दिसलेही नसते!"

साहेब लालबुंद झाले. "मालनबाई, हे तुम्हांला शोभत नाही."

"माझ्या लेकीचा जीव घुसमटतोय आणि तुम्ही चारचौघांत तिची गोष्ट करून सांगताय. हे शोभतं?"

तिनं चिमाला उचललं आणि तडक खाडीची वाट धरली. मागं पावलं वाजली. हौसा होती. चटई आणि गाठोडं काखेत मारून ती मुकाट्यानं चालत होती.

रावजीनं आधीच साहेबांची पुस्तकांची पेटी आणि पत्र्याचे डबे होडीतून काठावर काढून ठेवले होते.

"रावजी, साहेब रागावतील तुमच्यावर."

"रागवूं दे. वोहोटी लागलीय. बसा बाय, बसा लवकर."

दिवेलागणीला होडी रत्नागिरीजवळच्या भाट्याला लागली. तिथून शहरातल्या सरकारी दवाखान्यापर्यंत रावजीनं पोर खांद्यावर घेतली आणि मालन त्याच्यामागं धावत राहिली. डॉक्टरांनी चिमणीच्या उजेडात घसा पाहिला आणि लगेच इंजेक्शन काढलं.

"घटसर्प आहे. उद्या आणली असतीत तर मला काही करता आलं नसतं."

मालननं चिमाचं डोकं मांडीवर घेतलं. परवा, साहेब म्हणाले होते.

आठवड्यानं साहेब दवाखान्यात आले. चिमा उशीला टेकून बसली होती. तिला पाहून ते मनापासून हसले. "प्रभूने आपली प्रार्थना ऐकली! त्या दिवशीचे मी विसरलो आहे. पुढच्या दौऱ्यात ही साक्ष तुम्ही स्वतःच्या तोंडाने द्या."

"मी नाही विसरले," मालन म्हणाली. "देवानं ऐकलं, साहेब. मी कुठं नाही म्हणते? पण आधी त्यानं माझ्या तोंडून तुमच्याकडे होडी मागितली होती. तुम्ही दिली नाहीत. साक्ष द्यायची तर मी हीच देईन."

साहेबांचं हसू मावळलं. "तुम्ही राहता ती बंगल्यामागची खोली कामावरच्या बायकांकरिता आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे."

"मग नीट विचार करून बोला."

"आये, पेज," चिमा घोगऱ्या आवाजात म्हणाली. घसा अजून लुळा होता. घाई केली की पेज नाकातून परत यायची.

मालननं साहेबांकडे पाठ केली. वाटी घेतली, पेजेतलं शीत बोटानं चुरलं आणि अर्धाच चमचा भरून चिमाच्या ओठांशी नेला. चिमानं गिळलं. मालन थांबली, तिच्या नाकाकडे पाहत राहिली. काही आलं नाही. मग दुसरा चमचा.

"मी बोलतो आहे, मालनबाई," मागून साहेब म्हणाले.

तिनं पदरानं लेकीची हनुवटी पुसली.

"थांबा," ती म्हणाली. "आधी तिचं होऊ दे."