सोनीबाईच्या बांधीतला बुटका धान

मित्रांनो, मला बुटका म्हणून हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी चिमूरच्या पुढच्या एका गावातला, सोनीबाईच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, जुन्या वाणाचा धान आहे. माझ्या जातीचा आता मी एकटाच.

मी बुटका का? माझ्या अंगात एक जनुक आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्याचं काम पहारा देणं. करप्याची बुरशी पानावर उतरली की ते तिला ओळखतं आणि तिच्याभोवतीच्या माझ्याच पेशी मारून टाकतं. बुरशीला खायला काही उरत नाही, ती तिथंच संपते. पानावर तेवढा एक तपकिरी ठिपका राहतो. पण मेलं हे जनुक फार संशयी! रोग नसतानाही जागंच. उंच व्हायला, फुटवे काढायला लागणारी माझी ताकद तेच खातं. म्हणून मी हळू वाढतो, लोंबीही उशिरा टाकतो. एकाच बियाण्यातली माझी काही भावंडं या जनुकाशिवाय जन्मली. ती सरसर वाढायची.

रोवणीच्या दिवशी सोनीबाई पऱ्ह्यांच्या, म्हणजे कोवळ्या रोपांच्या, जुड्या सोडायची आणि बायांना बजावायची, “लांब-लांब पऱ्हे रोवा वो. बुटके फेका. ठिपके नाई दिसत काय? रोगी हायेत ते.”

वा रे न्याय! बाई वाईट नव्हती हो. बियाणं जिवापाड जपायची. पण दरवर्षी आम्ही बांधावर वाळलो, नजर चुकवून एखादाच रोवला गेला, आणि तिच्या ढोलीत, म्हणजे बियाण्याच्या कणगीत, उंच भावंडांचंच बी भरत गेलं. गावभर तिच्या धानाचं कौतुक. यंदा मला फेकलं तेव्हा मी कोपऱ्यातल्या चिखलात पडलो, म्हणून जगलो.

ऐन दाणा भरताना आभाळ हटेना. करपा आला. उंच भावंडांच्या माना काळ्या पडल्या, लोंब्या पांढऱ्या होऊन लटकल्या. आत दाणाच नाही. सोनीबाईच्या मुलानं, निकेशनं, औषध मारलं, पण फार उशीर झाला होता. वर्षाचं खाणं गेलं, पुढचं बीही गेलं. मी हिरवा उभा होतो. खरं सांगतो, मला त्याचं जराही सुख वाटलं नाही.

तिच्या सुनेनं, रीतानं, मला पाहिलं. “आत्याबाई, हा तं हिरवा हाय! दाणे धरून राह्यला.”

सोनीबाई आली. ठिपके पाहिले आणि लोंबी हातात घेतली. “याले तं आपणच फेकलो वो, रीता. सालोसाल फेकलो.”

तिनं दाणा दाबला. दूध आलं. पिकायला अजून वेळ होता. तिनं माझ्याभोवती काट्या लावल्या, रोज पाणी घातलं. पण आजूबाजूच्या बांध्या वाया गेल्या म्हणून लोकांनी त्यांत ढोरं सोडली होती. काल ती इकडे वळली. काट्या तुडवल्या आणि माझी लोंबी ओढून नेली.

मित्रांनो, एखादं रोप खुरटं दिसलं तर उपटू नका लगेच. ते आपली ताकद कुठं खर्च करतंय, तेवढं आधी पाहा.

सोनीबाई सकाळपासून चिखल चाळतेय. “एक तं दाणा देजो रे बापा,” म्हणतेय. एक-दोन सापडतीलही तिला. पण ते कोवळे आहेत, उगवायचे नाहीत.