लंगड्या बगळ्याची हद्दपारी

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी एकोडीच्या देवळात कीर्तन असं रंगलं की काय सांगावं! एका पायावर उभं राहून ध्यानाचं सोंग घेणारा ढोंगी बगळा महाराजांनी गाऊन उभा केला, तेव्हा टाळ धरलेल्या बुधरामचे डोळे भरून आले. पुढारी यादोरावांना मात्र त्यात भक्ती दिसली नाही, मोहीम दिसली. सकाळी ठराव झाला : 'ढोंगीमुक्त बोडी'.

त्याच बोडीत, म्हणजे गावतळ्यात, बुधरामनं यंदा रोहू माशाची बोटभर पिल्लं, बोटुकली, सोडली होती. बगळे गेले तर मासेमाराचाच फायदा, हे सगळ्यांनी त्याला न विचारताच ठरवलं.

"यादोराव दादा, सारे बगळे एकसारखे नसतेत जी," बुधराम बोडीच्या मातीच्या बांधाकडे, पारीकडे, हात करून काकुळतीनं म्हणाला. "पल्याडचे दोघं बोटुकली खातेत, खरं आहे. पण पारीवरचा लंगडा मच्छीकडे पाहातबी नाही. दिवसभर खेकडे उचलते. त्याच्या धाकानं खेकडे पारीत बिळं कोरत नाहीत."

"बगळ्याची वकिली करून राहिला का बे? कीर्तनात झोपला होता काय?"

"थो कीर्तनातला. हा आपला."

"एका पायावर उभा राहाते ना? मंग हाच पक्का ढोंगी!"

फटाके फुटले, डबे बडवले गेले. बगळे उडाले. यादोरावांचा फोटो मोबाईल-मोबाईलवर फिरला.

ठराव खेकड्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता, पण मजकूर त्यांना बरोबर कळला. अंधार पडल्याशिवाय तोंड न दाखवणारे खेकडे भर दुपारी सहकुटुंब पारीवर हिंडू लागले. गोकुळाष्टमीपर्यंत पारीची चाळण झाली. पाणी खालच्या धानात शिरलं आणि पाण्यासोबत बोटुकलीही निघाली.

काल्याच्या कीर्तनाला आलेल्या महाराजांना बुधरामनं आधी पारीवर नेलं. ती बिळं पाहून महाराजांनी वहाणा काढल्या. मग धोतर खोचून चिखलात उतरले.

"बुधराम, माझा बगळा पोथीतला रे. तुझ्या बगळ्याशी माझी ओळखच नव्हती."

महाराज उतरले म्हटल्यावर गाव उतरलं. बिळांत माती ठासली जाऊ लागली. तेवढ्यात पल्याडच्या काठावर दोन बगळे अलगद टेकले.

"पाहा, आले ना परत!" यादोरावांनी टाळ्या वाजवल्या. "आता खेकड्यांची काही खैर नाही."

"भाऊजी, हे थेच दोघं मच्छीचोर," बुधरामची बायको सखाबाई फणकारली. "चोराले कायची लाज? आले पहिले. लंगडा भित्रा होता, थो कायले येते आता?"

टाळ्या चालूच होत्या. त्या गजरातच एका बगळ्यानं मान वाकवून बोटुकली उचलली.

"पांडुरंगा, उरली तेवढी बोटुकली तरी राख," म्हणत बुधरामनं पुढच्या बिळात हात घातला, आणि आतल्या खेकड्यानं त्याचं बोट घट्ट धरलं.