अडतीस मिनिटांचा आडरस्ता

फोनच्या नकाशावरचा निळा बाण जागचा हलत नव्हता. बोटाच्या पेराएवढा, टोकाशी जरासा बोथट, आणि त्याच्यापुढं ती जाड लाल रेघ — कुणीतरी काचेवर जॅम सांडून बोटानं लांब ओढत न्यावा तशी… फ्रौके मागच्या सीटवरून, पुढच्या दोन सीटांमधल्या फटीतून, त्या बाणाकडं बघत होती. कुशीला सगळ्यांचे जाडजूड कोट, मांडीवर चीज घातलेल्या पावांची पिशवी, पायाशी कॉफीचा थर्मास. पुढं मुलगी यिल्डौ गाडी चालवत होती आणि तिच्या शेजारी नवरा, लामर्ट, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, दंतवैद्याकडं नंबर लावून बसल्यासारखा. छपरावरच्या लांब पेटीत स्की होत्या. जावई आणि नातवंडं कालच पुढं गेली होती. हे तिघं रात्री जर्मनीत उल्मला मुक्काम करून सकाळी निघाले होते. नेसेल्वांग अजून यायचं होतं. त्याच्यापुढं ऑस्ट्रियाच्या सीमेवरचा बोगदा, मग घाट. येऊ दे, फ्रौके मनात म्हणत होती, सगळं याच क्रमानं, याच रस्त्यानं येऊ दे — थांबत थांबत का होईना…

"मावशी झोपल्या वाटतं," लामर्ट म्हणाला.

यिल्डौ हसली. ॲपमधल्या आवाजाला ट्रूसमावशी हे नाव त्यानंच दिलेलं, पाचेक वर्षांपूर्वी. तेव्हा तो मावशींशी भांडायचा, त्यांच्या लग्नाची बोलणी लावायचा, त्यांना घाटात चक्कर येते म्हणून गाडी थांबवायचा. आता एवढंच. पण एवढं तरी नीट आलं — तीन शब्द, तिन्ही आपापल्या जागी. फ्रौकेनं मोजले होते. मोजायची सवयच लागली होती तिला.

छत्तीस हिवाळे हा एकच रस्ता. हॉलंडच्या उत्तरेकडच्या त्यांच्या सपाट, ओल्या मुलखातून निघायचं आणि दोन दिवसांनी पिट्झच्या दरीत त्याच घरी, त्याच उंच पलंगांच्या खोलीत उतरायचं. आणि लामर्ट म्हणजे काय माणूस… त्यानं या रस्त्यावर ठिकठिकाणी थापा टांगून ठेवल्या होत्या, खुंटीला कोट टांगावा तशा. ते ठिकाण आलं की हात वर करायचा आणि थाप काढून अंगात घालायची. बोगद्यातल्या गर्दीची थाप सगळ्यांत जुनी: आत शिरलो तेव्हा यिल्डौच्या तोंडात एक दात होता, बाहेर पडलो तेव्हा चार, आणि पुढच्या गाडीतल्या झ्वोल्ल गावच्या गृहस्थाला आत दाढी आली, बाहेर निघेपर्यंत ती पांढरी झाली, त्याच्या बायकोनं त्याला ओळखलं नाही आणि ती आमच्या गाडीत येऊन बसली. फ्रौके म्हणायची, मग ती गेली कुठं? तो म्हणायचा, अगं, तूच ती.

मे महिन्यात बागेत शेंगांच्या वेलांना काठ्या रोवताना लामर्ट एक काठी हातात धरून थांबला आणि म्हणाला, "हा चमचा जरा उंच झाला." ती हसली होती. तिला वाटलं, नवीन थाप सुरू होतेय… डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची बारीकशी गाठ अडकून गेली, चालणं-फिरणं शाबूत आहे, शब्द येतील, किंवा काही येतील. घरी परतताना तिनं विचारलं, यिल्डौला सांगायचं का? त्यानं ओठांवर बोट ठेवलं. की मिशीला काही लागलं होतं ते पुसलं? तिनं सोयीचा अर्थ घेतला, आणि तेव्हापासून त्याची अर्धी वाक्यं तीच पुरी करत आली. त्याच्या सगळ्या गोष्टी तिला पाठ. तो अडखळला रे अडखळला की शब्द तयार. फोनवर तर काही प्रश्नच नव्हता. बाबा बागेत आहेत, बाबा आंघोळीला गेलेत, बाबा म्हणतायत पोरांना पापा दे.

कारण यिल्डौला सांगितलं की काय होणार हे तिला चांगलं ठाऊक होतं. यिल्डौ वाईट नाही — चांगली आहे, फार चांगली, तिथंच तर सगळी पंचाईत. ती लगेच कामाला लागेल. तपासण्या, अर्ज, तिच्या घराजवळचा लिफ्टवाला फ्लॅट. आणि मग लामर्ट खोलीत बसलेला असताना सगळे त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागतील, बाबांना हे चालेल का, बाबांना ते झेपेल का… हे दहा दिवस तरी नको. हे दहा दिवस नातवंडांसमोर तो पूर्वीचा लामर्ट असावा.

आणि ते जमण्यासारखं होतं. नोव्हेंबरात घराजवळ मेप्पलच्या कालव्यावरच्या उचलपुलाशी गाडी थांबली होती, आणि आठवडाभर मीठसुद्धा नाव घेऊन न मागणारा लामर्ट एकाएकी बोलायला लागला: आजोबा सायकलसकट या पुलावर होते तेव्हा पूल वर गेला, आजोबा हवेत, आजी खाली काठावर, आणि आजोबांनी वरूनच ओरडून तिला मागणी घातली, कारण पूल खाली येईतो तिचं दुसरीकडं जमलं असतं. अथपासून इतिपर्यंत. एक शब्द सांडला नाही. पूल खाली आला, गाडी पलीकडं गेली, आणि तो पुन्हा गप्प. फ्रौकेनं त्यानंतर मेप्पलला काय काय कामं काढली देव जाणे.

काल तर तीन खुंट्यांवर तीन गोष्टी निघाल्या होत्या, कोऱ्या करकरीत. रात्री जेवताना यिल्डौ हलकेच म्हणाली, "बाबा मस्त आहे की. फोनवर मला उगीचच वाटत होतं…" फ्रौकेनं सूप पीत पीत मान हलवली होती. आज बोगदा होता. घाट होता.

"एक किलोमीटरवर महामार्ग सोडा," ट्रूसमावशी म्हणाल्या. लाल रेघेच्या बाजूनं एक बारीक राखाडी रेघ उगवली आणि लागलीच निळी झाली.

"अडतीस मिनिटं वाचतायत," यिल्डौ म्हणाली.

"सरळच जाऊ या ना," फ्रौके म्हणाली.

"का गं?"

"त्या वळणांनी मला मळमळतं."

"तुला? तू नकाशा मांडीवर उलटा धरून आख्खा आल्प्स पार करवलायस आम्हाला."

"तेव्हा पोट तरुण होतं."

"आई, पोरं तिकडं सकाळपासून वाट बघतायत."

बाबाला विचार, असं फ्रौके म्हणणार होती, म्हणाली नाही. काय सांगणार होता तो? आणि मी तरी काय सांगणार होते — की बाई गं, तुझा बाप या डांबरावर लिहिलेला आहे, तो इथूनच वाचावा लागतो? यिल्डौनं दिवा लुकलुकवला. गाडी बाहेर पडली.

रस्ता सुंदर होता, हे तिला कबूल करावंच लागलं. बर्फानं गोल केलेली शेतं, गवताच्या काळ्या लाकडी कोठ्या, दूर एका मनोऱ्यावर कांद्यासारखा हिरवट घुमट. यातलं काहीच ओळखीचं नव्हतं. लामर्ट एकदा उजवीकडं बघे, एकदा डावीकडं. चुकून दुसऱ्याच्या घरी शिरलेला माणूस जसा टोपी हातात धरून भिंतीवरचे फोटो बघतो तसा.

"बाबा, बोगदा हुकला तर हुकला, तू गोष्ट सांग की," यिल्डौ म्हणाली. "माझ्या दातांची."

तो खुलला. घसा साफ केला. हे तर त्याला येतंच होतं.

"आपण आत… आत गेलो तेव्हा," तो म्हणाला, "हिच्या, हिच्या त्या…"

"तोंडात," फ्रौके म्हणाली.

"तोंडात. एक… एक पांढरा…"

"दात होता एकच, आणि बाहेर पडलो तेव्हा चार. आणि पुढच्या गाडीत तो झ्वोल्लचा माणूस, त्याला दाढी—"

"आई."

"काय?"

"त्याला सांगू दे."

आरशात यिल्डौचे डोळे दिसत होते — रस्त्यावर, मग बापाच्या हातांवर, मग आरशातून थेट मागं. फ्रौकेनं पिशवीचं तोंड उघडलं आणि बंद केलं. लामर्ट खिडकीबाहेर बघत होता. त्याचा कान लाल झाला होता, लहानपणी यिल्डौचा व्हायचा तसा. "तीनशे मीटरवर उजवीकडे वळा," ट्रूसमावशी म्हणाल्या. मग "शंभर मीटरवर". मग "आता". वळण स्वच्छ समोर दिसत होतं. किती आधी सांगते ही बाई, फ्रौकेला वाटलं, माणसाला बघूसुद्धा देत नाही… आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, जराशी.

सीमेपलीकडच्या पहिल्याच गावाच्या तोंडाशी रस्त्यात आडवी फळी होती, आणि फळीपाशी पिवळ्या जाकिटातला एक जाडा म्हातारा. तो लामर्टच्या बाजूला वाकला. यिल्डौनं बटण दाबून काच खाली केली.

"गावात कुणाकडं?"

"पिट्झच्या दरीत चाललोय," यिल्डौ जर्मनमध्ये म्हणाली. "ॲपनं इकडून—"

"ॲपनं. सकाळपासून तुमचा नंबर एकशे बारा. शनिवारी गावातून आरपार जायला बंदी आहे. इथं उतरणार असाल तर या, नाहीतर गाडी वळवा आणि आलात तसे मोठ्या रस्त्याला लागा."

"पण अडतीस मिनिटं…"

"बाई, माझ्या बायकोला समोरच्या बेकरीतून पाव आणायला अडतीस मिनिटं लागतात. तुम्ही लोक तिला रस्ता ओलांडू द्याल तर ना."

तेव्हा लामर्टनं हात वर केला. तो हात फ्रौकेनं ओळखला. खुंटीकडं जाणारा हात. पण इथं खुंटी कुठली?

"ही मागं बसलीय," लामर्ट म्हणाला, त्याच्या त्या सुट्टीपुरत्या जर्मनमध्ये, "ही माझी पहिली बायको."

पिवळ्या जाकिटानं मागं बघून फ्रौकेला मान लवून नमस्कार केला.

"दुसरी इथं असते. त्या… त्या…" बोट गावावरच्या हिरवट घुमटाकडं. "कांद्यात."

"ते चर्च आहे."

"आत. वर. अंगानं बारीक आहे ती."

"मला कशी दिसली नाही कधी?"

"बर्फ पडला की मी येतो," लामर्ट म्हणाला. "दर वर्षी. येतो, आणि तिला देतो… तिला नेऊन देतो…"

थांबला. फ्रौकेचं तोंड सवयीनं उघडलं — आणि आत काहीच नव्हतं. शब्द नव्हता. ही गोष्ट तिनं कधी ऐकलेलीच नव्हती. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात कांद्यातली बाई आजच, आत्ताच, या फळीपाशी जन्माला आली होती, आणि लामर्ट तिला काय नेऊन देतो हे जगात एकट्या लामर्टला माहीत होतं. तेही अजून पुरतं नव्हतं.

पिवळं जाकीट मात्र निवांत होतं. डच माणसाची जर्मन अशीच भोकाभोकांची असते, त्याला त्यात नवल काय. तो खिडकीवर कोपर टेकून थांबला.

"चीज?" त्यानं विचारलं.

"छे."

"फुलं असतील. तुमच्याकडं फुलं फार."

"छे, छे." लामर्टचे दोन्ही हात हवेत काहीतरी घडवत होते, लांबट, मग रुंद, मग पुन्हा लांबट. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "आठवलं की या पुढच्या शनिवारी. शनिवारी नको — मंगळवारी या. मी स्वतः नेतो तुम्हाला वर."

यिल्डौनं गवताच्या एका कोठीपुढं गाडी वळवली. ट्रूसमावशींनी दोनदा परत फिरायला सांगितलं. तिनं त्यांचा आवाज बंद केला.

"कधीपासून, आई?"

फ्रौकेनं अंघोळ, बाग, सर्दी असं काय काय जिभेवर येताना पाहिलं. "मे महिन्यापासून," ती म्हणाली.

"मे. आणि फोनवर तूच…"

"हो."

"डॉक्टर काय म्हणाले? त्याला पुढं—"

"मी इथं बसलोय," लामर्ट म्हणाला. तीन शब्द. डच. न अडखळता.

"सॉरी, बाबा," यिल्डौ म्हणाली.

मोठा रस्ता आला आणि ते रांगेच्या अगदी शेपटाला लागले. पुढं दिवसभर पुरेल एवढ्या गाड्या, प्रत्येकीच्या छपरावर तीच लांब पेटी. आता काय काय होईल ते फ्रौकेला ओळीनं दिसत होतं: संध्याकाळी पोरं झोपल्यावर यिल्डौ जावयाला सांगेल, सोमवारी कुणालातरी फोन करेल, वसंतात तो लिफ्टवाला फ्लॅट निघेल. होईलही. तिनं काहीच वाचवलं नव्हतं. बोगदाही यायचा होता अजून. तिथं कदाचित दातांची गोष्ट निघेल, अख्खी, एक शब्द न सांडता — पण त्या गोष्टीची ओढ तिला मघासारखी वाटेना, आणि ती का वाटेना हे ती चाचपडत राहिली, अंधारात चप्पल शोधावी तशी…

"जड असतं," लामर्ट म्हणाला.

"काय, बाबा?"

"ते. तिला देतो ते."

"जड म्हणजे किती?"

त्यानं विचार केला. रांग एका गाडीएवढी पुढं सरकली आणि थांबली. यिल्डौ वाट बघत होती. तो ओठ उघडत होता, मिटत होता, मान हलवत होता, नको असलेले शब्द बाजूला सारून ठेवल्यासारखा. आणि फ्रौकेनं मांडीवरची पिशवी बाजूच्या कोटांवर टाकली, पुढच्या दोन सीटांमधल्या फटीत डोकं घातलं — गुडघा दुखत होता, भीतीही तशीच होती, मे महिन्यापासूनची, कणभर कमी झालेली नव्हती — आणि लग्नाआधी कधीतरी, त्याची एकही थाप अजून पाठ झालेली नव्हती तेव्हा, जशी थांबायची तशी ती थांबली. पुढं काय येणार, तिला काही कल्पना नव्हती.