माझे दोन उलटे कंस

मित्रांनो, माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला मी एक जुना कीबोर्ड आहे. पूर्वी माझा रंग पांढरा होता. आता त्याला काय म्हणायचं, हे ठरवायला इथे कुणी येत नाही.

कारखान्यातून मी आलो तो थेट शिवणाचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंच्या घरी. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला कापडाच्या तुकड्यांची टोपली आणि खिडकीखाली माझं टेबल. बाई दोनच बोटांनी टाइप करायच्या, तेही एकेक अक्षर डोळ्यांनी शोधून. इतक्या हळुवारपणे मला पुन्हा कुणी हात लावला नाही.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे आणि कामासाठी आठवडेच्या आठवडे परगावी असायचे. एकदा घरी असताना त्यांच्या हातून माझ्यावर चहा सांडला.

"एवढाल्या लिफ्ट सांभाळता, आणि एक कप सांभाळता येत नाही?" बाई कडाडल्या.

"अगं, धुऊन देतो की! नवाकोरा करतो बघ."

त्यांनी माझी सगळी बटणं उपटली, साबणाच्या पाण्यात धुतली, पुसली आणि परत बसवली. फक्त दोन चुकली. उघडणारा चौकोनी कंस मिटणाऱ्याच्या जागी गेला आणि मिटणारा उघडणाऱ्याच्या. मला ते लगेच कळलं, पण सांगणार कसा? माझ्यातून दुसऱ्यांचं बोलणं जातं, माझं नाही. बाईंच्या लिहिण्यात कंस कधी यायचेच नाहीत, त्यामुळे झाकली मूठ झाकलीच राहिली.

परगावाहून यजमान आपल्या आवाजातले निरोप पाठवायचे. बाईंनी ते इंटरनेटवरच्या एका खात्यात जपून ठेवले होते. पासवर्ड काय, तर लेकीचं लाडकं नाव आणि पुढे एक-दोन-तीन! कुणा भामट्याने तो ओळखला आणि बाईंच्या नावाने सगळ्यांना भलतेसलते निरोप धाडले. लेकीने फोनवरून आईची चांगलीच कानउघाडणी केली.

मग बाईंनी भक्कम पासवर्ड ठरवला. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे आणि शेवटी मिटणारा कंस. "दार लावून घेतल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणाल्या. माझ्यातून मात्र उघडणारा कंस गेला. पडद्यावर नुसतेच ठिपके दिसत होते. खातं रोज बिनबोभाट उघडायचं, मग शंका कुणाला येणार?

पुढे यजमान वारले. बाई रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून त्यांचा एखादा निरोप ऐकायच्या. त्यात विशेष काही नसायचं. त्या ऐकून झाल्यावरही उठायच्या नाहीत, आणि मला ते आवडायचं.

मग लेकीने नवा संगणक पाठवला. त्याच्यासोबत नवा, चपटा कीबोर्डही आला. जुना संगणक भंगारात गेला आणि मी माळ्यावर.

त्याच संध्याकाळी खालून बाईंचा आवाज ऐकू आला. पासवर्ड चुकीचा आहे, असं यंत्र म्हणत होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. खातं सोडवण्याचा कोड ज्या नंबरवर जायचा, तो यजमानांचा होता आणि केव्हाच बंद झाला होता.

"आई, विसरली असशील. होतं गं या वयात," लेक फोनवर म्हणाली.

"मला पाठ आहे म्हणतेय ना!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! शेवटी पडद्यावर सूचना आली, की आणखी एक चूक झाली तर खातं कायमचं बंद होईल. बाईंनी संगणकावर कापड टाकलं. त्या दुकानादुकानांत जाऊन विचारून आल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हळूहळू त्यांनी वाद घालणं सोडलं. "विसरलेच असेन मी," असं त्या एकट्याच म्हणायला लागल्या. वर पडल्या पडल्या ते ऐकणं मला फार जड गेलं.

एकदा लेक राहायला आली. बाई म्हणाल्या, "माळ्यावरचा तो जुना काढ. त्याच्यावर करून बघते."

"कीबोर्डने काय फरक पडणार, आई? एकच संधी उरलीय."

"उरलीय ती माझीच ना?"

किती दिवसांनी माझ्यावर ती दोन बोटं आली! एकेक अक्षर शोधत बाई शेवटच्या कंसापर्यंत पोचल्या आणि थांबल्या. मग त्यांनी तो दाबला.

"कुंड्यांना पाणी घाल गं. मी शनिवारी येतोय," खोलीत यजमानांचा आवाज घुमला.

लेक बघतच राहिली. मग तिने कोरं पान उघडून माझी बटणं एकेक करून दाबली. मिटणारा कंस दाबला तर पानावर उघडणारा उमटला.

"आई, बाबांनी ही दोन उलटी बसवलीत! तुझं बरोबर होतं गं."

बाई हसता हसता रडू लागल्या. लेकीने माझे कंस सरळ करायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू दे. यांच्या हातचं आहे."

त्याच दिवशी नवा पासवर्ड ठरला. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार शब्द, पण जोडले की असं गमतीशीर चित्र डोळ्यांसमोर येतं म्हणे, की विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. तो लेकीलाही माहीत नाही. कोड मात्र आता लेकीच्या नंबरवर जातो. तो पासवर्ड कुठल्याही कीबोर्डवर चालतो. म्हणून मला पुन्हा चादरीत गुंडाळलं. हे योग्यच झालं, तरी मला वाईट वाटतं.

मित्रांनो, कुलूप भक्कम लावा. नावं आणि वाढदिवस चोरालाही ठाऊक असतात, एकच किल्ली सगळ्या दारांना लावू नका. पण आत शिरायची दुसरी वाट चालू आहे ना, हे अधूनमधून बघत जा. आणि घरातलं म्हातारं माणूस "मला आठवतंय" म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा, मग बटणं तपासा.

संध्याकाळी खालून कुंड्यांचा निरोप ऐकू येतो. मी माझे उलटे कंस घेऊन तो अंधारात ऐकतो. पाणी घालायला बाई उठतात, तेही मला ऐकू येतं.